माकों काउंटीचा इतिहास: समाज बदलला की दस्तऐवज? जॉर्ज द्युबी यांच्या ग्रंथाची समीक्षा

प्रास्ताविक

मध्ययुगीन युरोप शिकताना सरंजामशाहीची एक आकृती हमखास फळ्यावर काढली जाते. सर्वांत वर राजा, त्याच्या खाली मोठे सरदार, त्यांच्या खाली नाइट आणि तळाशी भूदास. जमीन वरून खाली येते आणि सेवा खालून वर जाते. आकृती सुटसुटीत आहे, लक्षात राहते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. पण फ्रान्समधल्या एका लहान काउंटीचे दस्तऐवज एका इतिहासकाराने वर्षानुवर्षे वाचले, तेव्हा त्याला तिथे ही आकृती सापडली नाही. तो इतिहासकार म्हणजे जॉर्ज द्युबी (1919–1996). ती काउंटी म्हणजे बर्गंडीच्या दक्षिणेला सोन नदीकाठी असलेली माकोंची काउंटी. द्युबींनी 11व्या आणि 12व्या शतकातल्या माकोने प्रदेशाच्या समाजावर लिहिलेला ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथावर पुढे मोठा वाद झाला. इसवी सन 1000च्या आसपास युरोपात खरोखरच ‘सरंजामी क्रांती’ झाली का, असा तो वाद आहे. वादाची मांडणी बहुधा ‘झाली’ किंवा ‘झाली नाही’ अशी केली जाते. या टिपणात वेगळी भूमिका घेतली आहे. द्युबींच्या ग्रंथात एक नव्हे, तीन दावे आहेत. तिन्हींचा पुरावा सारख्या प्रतीचा नाही. त्यामुळे तिघांना एकच निकाल लावणे योग्य नाही.

काउंट म्हणजे कोण?

शार्लमेनच्या साम्राज्यात काउंट हा मुळात नेमलेला अधिकारी होता. आपल्या प्रदेशात न्यायसभा भरवणे, सैन्य गोळा करणे आणि राजाचे उत्पन्न सांभाळणे ही त्याची कामे. तो ज्या प्रदेशाचा कारभार पाही ती काउंटी. 9व्या शतकाच्या उत्तरार्धात राजसत्ता दुबळी होत गेली आणि हे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. अधिकारी होता तो वंशपरंपरागत सत्ताधीश झाला.

माकोंमध्येही असेच झाले. मात्र या काउंटीची दोन खास वैशिष्ट्ये लक्षात ठेवायला हवीत. पहिले असे की ती राज्याच्या सीमेवर होती. सोन नदीच्या पलीकडे फ्रान्सच्या राजाची सत्ता संपत असे. 11व्या शतकाच्या सुरुवातीचा काउंट ऑट-गियोम (मृत्यू 1026) याचे मोठे हितसंबंध नदीपलीकडच्या बर्गंडीत होते. शिवाय 1002 नंतर बर्गंडीच्या डचीसाठी तो फ्रान्सच्या राजाशी लढण्यात गुंतला होता. त्यामुळे माकोंकडे त्याचे पूर्ण लक्ष असणे कठीणच होते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे क्लुनीचा मठ. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम याच्या ताब्यात तेव्हा माकोंची काउंटीही होती. त्याने 910 साली हा मठ स्थापन केला आणि तो थेट पोपच्या आश्रयाखाली ठेवला. पुढच्या दोनशे वर्षांत क्लुनी हा पश्चिम युरोपातला सर्वांत प्रभावी मठ ठरला. या मठाने आपल्या जमिनींचे दस्तऐवज जपले. त्यातले पाच हजारांहून अधिक 1876 ते 1903 या काळात सहा खंडांत छापले गेले. एवढ्या लहान प्रदेशाविषयी 10व्या आणि 11व्या शतकातले इतके दस्तऐवज युरोपात क्वचितच मिळतात. द्युबींच्या ग्रंथाचे बळ या संग्रहात आहे आणि त्याची अडचणही इथेच आहे.

द्युबींचा युक्तिवाद

द्युबींनी माकोंचा इतिहास तीन टप्प्यांत मांडला. पहिला टप्पा 10व्या शतकाचा शेवट. दुसरा साधारण 980 ते 1160, म्हणजे स्वतंत्र किल्ल्यांचा काळ. तिसरा 1160 ते 1240, म्हणजे मोठ्या सत्तांनी, शेवटी राजाने, पुन्हा पकड मिळवण्याचा काळ.

पहिल्या टप्प्यात जुनी व्यवस्था बऱ्याच अंशी टिकून होती असे ते दाखवतात. काउंटची न्यायसभा भरत असे. प्रदेशातले मोठे लोक तिथे येऊन बसत, तंटे तिथे सुटत. खालच्या पातळीवर लहान न्यायसभा होत्या आणि स्वतंत्र शेतकऱ्यांना तिथे उभे राहण्याचा हक्क होता. समाजातली मुख्य रेषा स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांच्यामध्ये होती.

980 नंतरच्या दोन पिढ्यांत हे चित्र पालटले. किल्ले ज्यांच्या ताब्यात होते त्या घराण्यांनी काउंटच्या सभेला येणे सोडले. न्यायसभेच्या दस्तऐवजांवरची साक्षीदारांची नावे द्युबींनी वर्षांच्या क्रमाने लावली. साधारण 1030पर्यंत काउंटभोवती त्याची स्वतःची लहान माणसेच उरलेली दिसतात. ब्रांसियों, बेर्झे, बोज्यो इथले किल्लेवाले आता आपापल्या परिसरात स्वतः न्याय देऊ लागले, दंड घेऊ लागले, संरक्षणाच्या नावाखाली कर बसवू लागले. हुकूम देण्याचा आणि शिक्षा करण्याचा हा अधिकार पूर्वी राजाचा होता आणि त्याच्या वतीने काउंट तो वापरत असे. आता तो किल्ल्याच्या मालकाचा झाला.

त्याबरोबर समाजातली रेषाही सरकली असे द्युबी म्हणतात. स्वतंत्र शेतकरी आणि गुलाम दोघेही किल्ल्याच्या हुकमतीखाली आल्यामुळे त्यांच्यातला फरक पुसट झाला. नवी रेषा पडली ती घोड्यावरून लढणारे आणि कर भरणारे यांच्यामध्ये. याचा पुरावा त्यांनी शब्दांतून दिला. योद्ध्यासाठीचा ‘मिलेस’ हा लॅटिन शब्द माकोंच्या दस्तऐवजांत 971 साली दिसू लागतो आणि 11व्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात उच्चवर्गीयांसाठीच्या जुन्या शब्दांची जागा घेतो. गुलामासाठीचा ‘सेर्वुस’ हा शब्द पुढे हळूहळू नाहीसा होतो.

दोन मराठी शब्दांविषयी

इथे भाषेचा एक मुद्दा लक्षात घेऊ. मराठीत आपण या व्यवस्थेला ‘सरंजामशाही’ म्हणतो. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरकारने सरदाराला लावून दिलेले मुलखाचे उत्पन्न. म्हणजे या शब्दातच ‘वरून मिळालेले’ हा अर्थ आहे. ‘किल्लेदार’ या शब्दाचेही तेच. आपला किल्लेदार हा नेमणुकीचा अधिकारी. माकोंचे किल्लेवालेही मुळात काउंटच्या वतीने किल्ला राखणारे होते. पण 11व्या शतकातली त्यांची सत्ता वरून मिळालेली नव्हती. हाताशी असलेला किल्ला, बरोबरचे घोडेस्वार आणि काउंटचा दुबळेपणा यांतून ती उभी राहिली.

म्हणून द्युबींचे माकों वाचताना ‘सरंजाम’ या शब्दाच्या मूळ अर्थापासून सावध राहावे लागते. फळ्यावरच्या आकृतीत जमीन वरून खाली वाटली जाते. माकोंत मात्र सत्ता मधल्या पातळीवर अडवली गेली. ही दोन चित्रे एक नाहीत, आणि हे स्पष्ट करून दाखवणे ही या ग्रंथाची पहिली मोठी कामगिरी आहे.

आक्षेप: बदलले काय?

1953 नंतर फ्रान्समध्ये अशा प्रादेशिक अभ्यासांची रीघ लागली. प्येर बोनासी यांनी 1970च्या दशकात कॅटलोनियावर लिहिले. 1980 साली पोली आणि बूर्नाझेल यांच्या ‘सरंजामी स्थित्यंतर’ या आशयाच्या ग्रंथाने या कल्पनेला पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. 1989 साली गी ब्वा यांनी क्लुनीजवळच्या लूर्नां या एका खेड्यावरून थेट इसवी सन 1000च्या क्रांतीचा निष्कर्ष काढला. माकोंच्या अभ्यासातून निघालेले चित्र अशा रीतीने अवघ्या पश्चिम युरोपावर पसरले.

याला सर्वांत ठाम विरोध केला तो दोमिनिक बार्तेलेमी यांनी. 1992 साली त्यांनी ‘सरंजामी स्थित्यंतर झाले का?’ असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला आणि 1993 साली वांदोमच्या काउंटीवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. 10व्या शतकातले दस्तऐवज ठरावीक साच्यातले होते. लेखनिक जुन्या कायद्याची भाषा वापरत, आणि प्रत्यक्षात काय घडले ते त्या साच्याआड झाकले जाई. 11व्या शतकात हा साचा मोडला. लेखनिक घटना सविस्तर, गोष्टीसारखी सांगू लागले. त्यामुळे भांडणे, धाकदपटशा, वाढीव कर, योद्धे हे सारे दस्तऐवजांत एकदम दिसू लागले. हे सर्व आधीही होते, फक्त लिहिले जात नव्हते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा आक्षेप लगेच कळेल. प्रयोगात वाचन अचानक उडी घेते तेव्हा भार बदलला की मापक बदलला, हे आधी तपासावे लागते. दोन्ही एकाच वेळी बदलले असतील तर केवळ त्या वाचनावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेविषयी आहे. 1994 साली टॉमस बिसन यांनी ‘सरंजामी क्रांती’ची बाजू नव्याने मांडताना किल्लेवाल्यांच्या हिंसेवर भर दिला. त्यावर स्टीफन व्हाइट यांनी म्हटले की ही हिंसा म्हणजे कायद्याचा अंत नव्हता. तंटा पुढे रेटण्याची आणि शेवटी तडजोडीला येण्याची ती एक रूढ पद्धत होती. शिवाय तिचे वर्णन करणारे मठवासी स्वतःच तंट्यातले एक पक्षकार होते. 994 साली ॲन्स इथल्या धर्मसभेने क्लुनीच्या मालमत्तेला संरक्षण जाहीर केले, 998 साली पोपने मठाला विशेष अधिकार दिले. असे संरक्षण मागणारा मठ शेजाऱ्यांना ‘लुटारू’ म्हणणार, यात नवल ते काय?

बार्बरा रोझनवाइन यांच्या 1989च्या अभ्यासाने तिसरी बाजू पुढे आणली. क्लुनीला दिलेली जमीन अनेकदा त्याच कुटुंबाने परत मागितली, तिच्यावर भांडण केले आणि पुन्हा दान दिली. जमिनीची ही ये-जा त्या घराण्याचे मठाशी, पर्यायाने संत पीटरशी, नाते टिकवत होती. म्हणजे दस्तऐवजात दिसणारे प्रत्येक भांडण व्यवस्था कोसळल्याचे लक्षण मानता येत नाही.

तीन दावे वेगळे केले तर

आता द्युबींचे म्हणणे तीन भागांत वाटून पाहू.

*पहिला दावा, हिंसा वाढली.* हा सर्वांत कच्चा आहे. त्याचा पुरावा मुख्यतः मठाच्या तक्रारींतून येतो आणि तक्रार लिहिण्याची पद्धतच त्या काळात बदलली होती. इथे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे: या हिंसेला केंद्रस्थानी आणण्याचे काम नंतरच्या लेखकांनी अधिक केले. 1953च्या ग्रंथात मुख्य विषय न्यायाची जागा हा आहे.

*दुसरा दावा, समाजाची वर्गरचना बदलली.* हा अर्धवट टिकतो. ‘मिलेस’ हा शब्द नवा आला म्हणजे त्या शब्दाने ओळखली जाणारी माणसे नवी आली, असे होत नाही. जुन्याच उच्चवर्गाने नवे नाव घेतले असू शकते. ‘सेर्वुस’ शब्द गेला म्हणून दास्य गेले असेही म्हणता येत नाही. बार्तेलेमींनी अभ्यासलेल्या प्रदेशात 11व्या शतकातही दास्य जिवंत होते. मार्मूतिए मठाने तर आपल्या दासांविषयीच्या दस्तऐवजांचे स्वतंत्र पुस्तकच ठेवले होते. तरीही उच्चवर्गाने स्वतःची ओळख घोड्यावरच्या योद्ध्याशी जोडून घेतली, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नाव बदलण्यालाही कारण असते. द्युबींनी बदल टिपला तो खरा. त्याचा वेग आणि खोली मात्र त्यांनी जास्त धरली.

*तिसरा दावा, न्यायाचे ठिकाण काउंटच्या सभेतून किल्ल्यात गेले.* हा माझ्या मते टिकतो. कारण त्याचा मुख्य पुरावा शब्दांच्या अर्थावर अवलंबून नाही, माणसांच्या नावांवर आहे. दस्तऐवज साच्यातला असो की गोष्टीसारखा, साक्षीदारांची यादी दोन्हींत असते. लेखनशैली बदलली म्हणून ब्रांसियोंचा मालक काउंटच्या सभेतून गैरहजर कसा होईल? मापक बदलल्याचा आक्षेप या वाचनाला लागू पडत नाही.

पुढच्या घटनाही याला दुजोरा देतात. 1166 साली शालोंच्या काउंटच्या माणसांनी क्लुनीच्या रहिवाशांची कत्तल केली, तेव्हा सातवा लुई सैन्य घेऊन या भागात आला. प्रदेशात तंटा मिटवू शकणारी सत्ता शाबूत असती तर राजाला एवढ्या लांब यावे लागले नसते. शेवटी 1239 साली काउंटेस आलिक्स आणि तिचा नवरा जाँ द ब्रेन यांनी काउंटी नवव्या लुईला विकून टाकली आणि माकोंत राजाचा अधिकारी बसला. मुळात राजाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे पद राजालाच पैसे देऊन परत घ्यावे लागले, या एका व्यवहारात मधल्या तीनशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

बार्तेलेमींच्या बाजूचीही एक मर्यादा इथेच दिसते. वांदोमचा सर्वांत समृद्ध संग्रह त्रिनिते मठाचा, आणि त्या मठाच्या चर्चचा अभिषेक झाला 1040 साली. म्हणजे द्युबींच्या मते निर्णायक ठरलेली 980 ते 1030 ही वर्षे उलटल्यावर तो सुरू होतो. माकोंच्या निष्कर्षाला वांदोम सावध करू शकते, पण खोटे ठरवू शकत नाही.

ग्रंथाच्या मर्यादा

ग्रंथाची खरी उणीव मला दोन ठिकाणी वाटते.

एक, पाहण्याची जागा. या काउंटीकडे आपण जवळजवळ सतत मठाच्या खिडकीतून पाहतो. एखादा शेतकरी दस्तऐवजात येतो तो त्याची जमीन क्लुनीकडे जाते तेव्हा. ज्याची जमीन मठाच्या वाटेत आली नाही तो इतिहासातच येत नाही. स्त्रिया दाता किंवा वारस म्हणून दिसतात आणि लगेच निघून जातात. द्युबींना हे ठाऊक होते. पण ‘माकोंचा समाज’ असे म्हणताना ‘क्लुनीशी व्यवहार करणारा माकोंचा समाज’ हा फरक वाचकाच्या लक्षात राहत नाही.

दोन, सामान्यीकरण. याचा दोष द्युबींपेक्षा त्यांच्या अनुयायांकडे जास्त जातो. सीमेवरचा, लक्ष दुसरीकडे असलेला काउंट आणि त्याच्या दारात उभा असलेला बलाढ्य मठ, ही परिस्थिती सर्वत्र नव्हती. नॉर्मंडी आणि फ्लँडर्स इथल्या सत्ताधीशांनी याच काळात आपली पकड बऱ्याच अंशी टिकवली. माकोंला नमुना मानण्याआधी ते किती वेगळे होते, हे विचारायला हवे होते.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी याचे महत्त्व

आपल्याकडेही असाच वाद झाला आहे. रामशरण शर्मा यांच्या ‘इंडियन फ्यूडलिझम’ (1965) या ग्रंथाने भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली. तिचा मोठा आधार होता ब्राह्मण आणि देवळे यांना दिलेल्या जमिनींचे ताम्रपट. जमिनीबरोबर कर आणि न्यायाचे हक्कही दिले गेले, म्हणून मध्यवर्ती सत्ता दुबळी झाली, असा शर्मांचा युक्तिवाद. 1981 साली हरबन्स मुखिया यांनी भारतीय इतिहासात सरंजामशाही होती का, असाच प्रश्न विचारला. पुढे ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी याच काळाकडे विघटन म्हणून न पाहता प्रादेशिक राज्ये घडण्याचा काळ म्हणून पाहिले.

भारत आणि माकों यांची परिस्थिती वेगळी आहे; ती एक मानायचे कारण नाही. पण पुराव्याचा प्रश्न तोच आहे. तांबे टिकते, ताडपत्र कुजते. कायमचे दान धातूवर कोरले जाते, रोजचा व्यवहार कोरला जात नाही. तेव्हा एखाद्या शतकात ताम्रपट वाढले, तर दाने वाढली की दान कोरून ठेवण्याची प्रथा वाढली? हा प्रश्न न विचारता काढलेला कोणताही निष्कर्ष घाईचा ठरेल.

समारोप

द्युबींचा ग्रंथ आज शंभर टक्के मान्य होत नाही. तरीही तो वाचावा, कारण त्यात निष्कर्षाबरोबर त्याचा पुरावाही समोर ठेवला आहे. द्युबींनी साक्षीदारांच्या याद्या, शब्दांच्या तारखा, किल्ल्यांची नावे दिली म्हणूनच टीकाकारांना त्यांचे दावे सुटे करून तपासता आले. फळ्यावरच्या आकृतीचे तसे नाही. ती कोणत्या प्रदेशाची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या दस्तऐवजावरून काढली हेच सांगितलेले नसते, म्हणून ती तपासता येत नाही, नुसती पाठ करता येते. जो दावा तपासता येतो तो चुकला तरी ज्ञानात भर घालतो. माकोंच्या या लहानशा काउंटीने शिकवलेला हा धडा इतिहासापुरता मर्यादित नाही.

विचारासाठी प्रश्न

1. माकोंच्या दस्तऐवजांतील साक्षीदारांच्या याद्या हा ‘मिलेस’ या शब्दाच्या वापरापेक्षा अधिक भक्कम पुरावा का मानावा? याद्यांवरही कोणता आक्षेप घेता येईल?
2. 1239 मध्ये काउंटी विकली गेली, या घटनेवरून काउंट या पदाच्या बदललेल्या स्वरूपाविषयी काय म्हणता येईल?
3. तुमच्या प्रदेशातील एखादा ताम्रपट किंवा शिलालेख निवडा. तो कोणी, कोणासाठी आणि का जपला? त्यात कोणाचा उल्लेख येण्याची शक्यताच नव्हती?